झाकणावरचे अडीच

डॉ. गुरुदत्त मुळगुंद यांच्या डोक्यात आग विझवायच्या लाल नळकांड्यानं पाच घाव घातले होते. आग कुठंही लागलेली नव्हती.

पहिल्या घावात चष्मा फुटला, दुसऱ्यात कवटी. उरलेले तीन घाव, पोलिसांच्या डॉक्टरच्या मते, अनावश्यक होते. मग कुणीतरी त्यांना बखोटीला धरून बारा फूट फरफटत नेलं, लॅबमधल्या उबदार खोलीत कोंबलं आणि फरशी ब्लीचनं पुसून काढली. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या त्या लॅबची फरशी इतकी स्वच्छ याआधी कधी झाली नव्हती.

हे सगळं संजय बोधनकरला सोमवारी सकाळी कळलं, तेव्हा त्याच्या हातात पोह्यांची बशी होती. त्यानं ती खाली ठेवली. थोड्या वेळानं परत उचलली.

पोहे रत्ना टिल्लू यांचे होते आणि किचनही त्यांचंच. रत्नाताईंनी तीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडले, आणि निवृत्त झाल्यावर तुळशी लावायच्या ऐवजी खासगी तपासाचं लायसन्स काढलं. त्यांना कशाचीच भीती वाटत नसे, हायवेवर गाडी चालवणं सोडून. म्हणून संजय. तो सॉफ्टवेअर टेस्टर होता, मूळचा नागपूरचा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यानं पोट भरलं होतं; जानेवारीत स्वतःची नोकरी जाताना मात्र त्याला दिसली नाही.

समोर सुमेधा हळबे बसली होती. वय एकतीस, डॉक्टरांच्या लॅबमध्ये शास्त्रज्ञ, व्हिसा कंपनीच्या नावावर. तिच्या नखांच्या कडांना अजून तांबूस रेघा होत्या.

"रत्नामावशी, वकील म्हणतो आज मला अटक होईल," ती म्हणाली. "आणि मी पोलिसांच्या जागी असते तर मीही मला अटक केली असती."

"पहिल्यापासून सांग. रडायचं ते शेवटी."

"काल रविवारी दुपारी तीनला मी लॅबमध्ये गेले. मुळगुंदकाकांची गाडी बाहेर होती, पण काका दिसले नाहीत. वाटलं, ऑफिसात पडले असतील. रविवारी पेशींना खाऊ घालायची पाळी असते. मी सगळ्या प्लेट्स फोटोच्या मशीनला लावल्या, फोटो सोमवारी बघू म्हटलं, दोन तास काम केलं. पाचला एक बाटली हवी होती म्हणून उबदार खोली उघडली. काका पालथे पडलेले. मला वाटलं, खाली काहीतरी शोधतायत. मी त्यांना उलटं केलं. चेहरा नव्हता, मावशी."

संजयनं बशी पुन्हा खाली ठेवली. आता कायमची.

"उबदार खोली म्हणजे?"

"सदतीस डिग्रीची. माणसाच्या अंगाएवढी ऊब. त्यामुळे प्रेत थंडच झालं नाही. पोलिसांचा डॉक्टर म्हणतो, सकाळपासून दुपारपर्यंत कधीही मेले असतील."

"मग ते तुझ्याच मागे का?"

सुमेधानं वकिलानं दिलेला एक फोटो टेबलावर ठेवला. प्लास्टिकच्या चपट्या प्लेटचं झाकण. त्यावर निळ्या मार्करनं नाव, तारीख आणि खाली देवनागरी आकड्यांत: २:३०.

"काका औषध घातल्याची वेळ नेहमी अशी लिहायचे. चाळीस वर्षांची सवय. म्हणजे अडीचला ते जिवंत होते. पोलिसांना वाटलं, काहीतरी कोड आहे. हे 'टू थर्टी' आहे असं त्यांना मीच वाचून दाखवलं."

"हौस!" संजयच्या तोंडून निघून गेलं.

"समोर भरतनाट्यमचा क्लास आहे. तिथल्या एका आईच्या गाडीत कॅमेरा होता, तोंड नेमकं आमच्या दाराकडे. एक पन्नासपासून साडेपाचपर्यंत. त्यात दोनला काकांचा मुलगा मिहीर दार वाजवून परत जाताना दिसतो. तीनला मी आत जाते. बास. दुसरं कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही, आणि दुसरं दारही नाही."

"कंपनीचा कॅमेरा?"

"तो आठ महिने पुढच्या महिन्यात बसणार आहे."

"भांडण होतं तुमचं?"

"नाही. पण शनिवारी रात्री काकांनी मला मेसेज ठेवला होता. 'मोठी चूक वेळेत सापडली. सोमवारी सगळ्यांसमोर बोलू.' पोलीस म्हणतात, चूक माझी, नोकरी जाणार, व्हिसा जाणार, म्हणून..." तिनं डोळे पुसले. "आणि मी शनिवारी कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला होते, दुसऱ्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला. कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसात म्हटलं, मैत्रिणीकडे जातेय, सोमवारी उगवेन. शिकागोला विमान बदलून रविवारी सव्वा एकला बॉस्टनला उतरले, पेशी उपाशी राहतील म्हणून तशीच लॅबवर गेले."

रत्नाताई झाकणाच्या फोटोवर भिंग धरून बसल्या होत्या. "ह्या दोनच्या भोवती निळा धुरकट डाग आहे. बाकीचं अक्षर कोरीव. ही शाई पुसली जाते?"

"पाण्यानं नाही, अल्कोहोलनं जाते. पण लॅबमध्ये कुणी पुसत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, शेजारी सही करायची, नवं लिहायचं. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. काका तर वाणसामानाच्या यादीतसुद्धा तसंच करायचे."

"आता औषधाचं सांग. ह्या संजयला कळेल असं."

सुमेधा पहिल्यांदा सरळ बसली. "आपल्या प्रत्येक पेशीत मरणाची सोय आधीच करून ठेवलेली असते. बिघडली, जुनी झाली, नकोशी झाली की ती आपणहून आवरतं घेते. पोटातल्या बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा असतो. मधल्या पेशी मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. कॅन्सरची पेशी हे मरण नाकारते. वाढतच सुटते. आमचं औषध तिला आठवण करून देतं की बाई, तुझी वेळ झाली."

"आणि भलत्याच पेशींना आठवण झाली तर?"

"तर सत्यानाश. मेंदूतल्या, मज्जातंतूंमधल्या पेशी मरू नयेत तेव्हा मरायला लागल्या की माणूस झिजत जातो. मरण कमी पडलं तरी रोग, जास्त झालं तरी रोग."

"औषध घातल्यावर पेशी मरायला किती वेळ?"

"पहिले पाच तास वरून काही म्हणजे काही दिसत नाही. पेशी आतल्या आत निरवानिरव करत असते. सहाव्या तासाला आक्रसते, मग अंगावर बुडबुडे येतात, मग तुकडे पडतात. शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. मारामारी नाही, सांडलवंड नाही."

"नोटीस पीरियड पाळते म्हणा की," संजय म्हणाला. "आम्हाला वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल दिला होता."

दारावर थाप पडली. बाहेर डिटेक्टिव्ह डोनाह्यू उभा होता, सहा फूट तीन इंच. त्यानं बूट पायपुसण्यावर नीट पुसले, रत्नाताईंना 'मॅम' म्हणून अभिवादन केलं आणि सुमेधाला बेड्या घातल्या. तिचे हात मागे ओढले गेले तेव्हा खांद्यात कट्‌ असा आवाज आला. तो आवाज संजयला दिवसभर ऐकू येत राहिला.

*

"कुणाला फायदा?" गाडीत रत्नाताईंनी विचारलं.

"मुलालाच की! बापाचं घर, बापाची कंपनी. दोनला दारात काय करत होता?"

"दारात होता. आत गेला नाही. सावकाश घे, सिग्नल आहे."

मिहीर मुळगुंद अठ्ठावीस वर्षांचा होता, इथंच जन्मलेला, दंड मांड्यांएवढे. त्यानं दार उघडलं तेव्हा त्याच्या हाताची बोटं सोललेली होती. मागच्या भिंतीला प्लास्टरमध्ये तीन खड्डे पडले होते.

"तुम्ही तिची बाजू घेताय," तो म्हणाला. "शी किल्ड माय डॅड."

"अरे, तुझ्या हाताला एवढं कशानं लागलंय?" संजयनं हुशारीनं विचारलं. "आगीचं नळकांडं जड असतं ना?"

पुढच्या क्षणी संजयची पाठ फ्रिजवर आदळली आणि ओठ दातांवर फाटला. फ्रिजवरची लोणच्याची बरणी खाली येऊन फुटली. मिहीरची दुसरी मूठ वर गेलेली होती.

"मिहीर," रत्नाताई आवाज न चढवता म्हणाल्या, "त्याला मारून झालं की मला पाणी दे."

मूठ खाली आली. मिहीर तिथंच फरशीवर, लोणच्याच्या तेलात बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. संजयनं ओठावर बर्फ धरला. त्याला दुखत होतं त्यापेक्षा आपण चुकलो हे जास्त लागत होतं.

"दोनला कशाला गेला होतास?"

"सॉरी म्हणायला. शनिवारी भांडलो होतो. ही वॉन्टेड मी टू मूव्ह बॅक होम. मी दार वाजवलं, फोन केला. फोन आत वाजत होता, आय कुड हिअर इट. ही ऑलवेज पिक्स अप. मला वाटलं, अजून रागावलाय."

"आणि सकाळी?"

"झोपलो होतो. एकटा."

"ह्या घड्याळात आत्ता किती वाजलेत रे? माझा चष्मा गाडीत राहिलाय."

भिंतीवर डॉक्टरांनी दिलेलं जुनं पितळी घड्याळ होतं, देवनागरी आकड्यांचं. मिहीरनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून फोन काढला. "ट्वेल्व्ह फोर्टी. ते मला वाचता येत नाही. डॅडनं किती वेळा शिकवलं. संडे स्कूलमधून पळून जायचो."

चष्मा रत्नाताईंच्या नाकावरच होता. संजयनं तो बघितला, पण बोलायला ओठ नव्हता.

"शेवटचं. लॅबमधल्या मशीनचे फोटो तुला बघता येतील?"

"ती सिस्टीम मीच लावून दिली. पोलिसांकडे पण कॉपी आहे. त्यांना फक्त टाइम हवा होता, ती तिथं होती हे दाखवायला."

मिहीरनं त्याच प्लेटचा फोटो उघडला. वर मशीननं छापलेली वेळ: दुपारचे तीन दहा. प्लेटमध्ये दोन रांगा होत्या.

"संजय, काय दिसतं?"

"साबुदाणा," संजय सुजलेल्या ओठांनी म्हणाला. "भिजत घालून विसरलेला. सगळ्यांच्या अंगावर फोड आलेत, काहींचे तुकडे पडलेत."

"वरच्या रांगेत का खालच्या?"

"दोन्हीत."

"रांगांना नाव काय दिलंय, मिहीर?"

"वरची ट्यूमर. खालची... नर्व्ह, हेल्दी."

रत्नाताईंनी फोटो स्वतःच्या फोनवर घेतला आणि चालायला लागल्या. संजयला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "लोणचं पुसून घे रे, मिहीर. डाग राहतो."

*

राजेश धारप डॉक्टरांच्या कंपनीचे प्रमुख होते. पूर्वी त्यांनी सांता क्लारात सॉफ्टवेअर कंपनी काढून विकली होती. गुरुदत्त त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. श्रूजबरीतलं त्यांचं घर इतकं मोठं होतं की दिवाणखान्यात बोललेलं किचनमध्ये फोन करून सांगावं लागे. कोपऱ्यात पाडव्याची गुढी अजून उभी होती. बांबू ऑनलाइन मागवलेला, परत पाठवण्याची मुदत संपलेली.

"या, रत्नाताई. काय प्रसंग आला बघा!" राजेशरावांनी डाव्या हातानं चहा ओतला, थोडा बशीत सांडला. उजव्या मनगटाला पट्टी होती.

"हाताला काय झालं?"

"काल कार्यक्रमात लेझीम खेळलो ना शेवटी. ह्या वयात नाचायला सांगितलंय कुणी! मुरगळला."

इथल्या मराठी मंडळाचा पाडवा रविवारी झाला होता. खरा पाडवा गुरुवारीच होऊन गेला, पण अमेरिकेत सण सोयीच्या रविवारी येतात. राजेशराव सूत्रसंचालक होते. बारापासून सहापर्यंत दोनशे माणसांच्या समोर, हातात माइक.

"ते पूर्ण वेळ स्टेजवर होते, ताई," संजय घाईनं म्हणाला. "मीच शूटिंग केलंय, पहिल्या मिनिटापासून."

"मग संशयच मिटला," रत्नाताई म्हणाल्या. "राजेशराव, सुमेधा कशी मुलगी?"

"चांगली. म्हणजे, वाटायची. ती शनिवार-रविवार नसणारच होती खरं तर. अचानक कशी उगवली कोण जाणे!" त्यांनी मान हलवली. "मला लॅबमधलं फार कळत नाही हो. मी गुरुदत्तला म्हणायचो, तुझं औषध म्हणजे स्विच आहे. पेशी ऑन, पेशी ऑफ. तो चिडायचा."

आतून सुवर्णा धारप भिंतीला धरत आल्या. डोक्यावर लोकरीची टोपी, हाताची हाडं दिसत होती. स्वादुपिंडाचा कॅन्सर, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या खुर्चीत बसल्या तेव्हा खुर्चीला कळलंही नसेल.

"गुरुवारी माझा पहिला डोस आहे, भावजींच्या औषधाचा," त्या म्हणाल्या. "आता भावजीच नाहीत."

भिंतीवर मंडळाचं कॅलेंडर होतं. येत्या गुरुवारभोवती जाड लाल गोल. आधीच्या एका गुरुवारवर एकच आडवी रेघ होती आणि शेजारी बारीक 'गु.'

"त्यांनी तारीख पुढे ढकलली तेव्हा स्वतः येऊन रेघ मारली, सही केली," सुवर्णाताई हसल्या. "मी म्हटलं, भावजी, हे कॅलेंडर आहे, प्रयोगवही नाही."

"काल दिवसभर तुम्ही एकट्याच होतात?"

"बारापर्यंत. मग मैत्रीण हॉलवर घेऊन गेली. हे सकाळी नऊलाच गेलेले, हॉलवर बॅनर लावायला. मंडळात कामं करतंय कोण दुसरं?"

संजयनं चहाचा घोट गिळला. तो बॅनर त्यानं लावला होता. एकट्यानं, शिडीवर, सकाळी दहा वाजता, तेही तिरका. पण मंडळात श्रेय मागायचं नसतं, हे तो वीस वर्षांत शिकला होता. म्हणून तो गप्प बसला. गाडीत बसल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

"बघा ताई, काम करायचं आपण आणि नाव कोणाचं!"

रत्नाताईंनी मान वळवून त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"संजय, तुझं शूटिंग दाखव."

पार्किंगमध्ये गाडी थांबवून त्यांनी पहिलीच पाच मिनिटं बघितली. दुपारचे बारा. राजेशराव रेशमी कुर्त्यात, डाव्या हातात माइक. उजवा हात खिशात. निवेदनाचे कागद शेजारी उभ्या खजिनदारबाई उलटून देत होत्या.

"लेझीम कितीला होती?"

"शेवटचा आयटम. साडेपाच."

"हं," म्हणून रत्नाताईंनी डोनाह्यूला फोन लावला.

*

मंगळवारी अकराला धारपांच्या दिवाणखान्यात पाच माणसं बसली होती आणि डोनाह्यू दाराला टेकून उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं. रत्नाताईंनी त्याला सगळं आदल्या दिवशीच इंग्रजीत सांगितलं होतं. आता तो फक्त चेहरे बघायला आला होता.

"ही कॉन्डोलन्स मीटिंग आहे ना?" मिहीरनं विचारलं.

"एका अर्थी," रत्नाताई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून दोन फोटो काढून चहाच्या टेबलावर ठेवले. "हे झाकण. ह्यावर लिहिलंय अडीच. ह्या एका आकड्यावर सुमेधा तुरुंगात आहे. आणि हा त्याच प्लेटचा आतला फोटो, मशीननं घेतलेला, तीन दहाचा. अडीचला औषध पडलं असतं, तर तीन दहाला चाळीस मिनिटं झाली असती. चाळीस मिनिटांत ह्या पेशींना काय झालेलं दिसायला हवं, संजय?"

"काही नाही," संजय म्हणाला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडायला लागला. "पाच तास काहीच दिसत नाही. पण मी तर साबुदाणा..."

"तू साबुदाणा बघितलास. फोड आलेले, तुकडे पडलेले. म्हणजे सहा तास उलटून गेले होते. तीन दहातून साडेसहा-पावणेसात तास मागे जा. साडेआठ. झाकणावर आधी ८:३० होतं. कुणीतरी फक्त आठ अल्कोहोलनं पुसला आणि तिथं दोन लिहिला. म्हणून डाग फक्त पहिल्या आकड्याभोवती आहे."

"सो ही वॉझ..." मिहीरचा आवाज फुटला. "मी फोन करत होतो तेव्हा..."

"फोन आत वाजत होता आणि तुझे बाबा कधी नव्हे ते उचलत नव्हते. ते तुझ्यावर रागावले नव्हते रे. ते नव्हतेच."

मिहीरनं तोंड ओंजळीत धरलं.

"म्हणजे खून सकाळी झाला," रत्नाताई पुढे म्हणाल्या. "साडेआठनंतर. खुन्यानं प्रेत उबदार खोलीत नेलं ते लपवायला नाही. गार होऊ नये म्हणून. मग घड्याळ दुपारवर नेलं. सकाळी सुमेधा विमानात होती, आणि तसंही ती हे करणार नाही. एक तर तिला पेशींचं वेळापत्रक पाठ आहे. दुसरं, लॅबचा माणूस पुसत नाही, रेघ मारून सही करतो. आणि ज्या दुपारी आपण तिथं असणार, तिथंच खुनाची वेळ कोण आणून ठेवेल? मिहीर सकाळी घरी एकटा होता. पण तो हे आकडे वाचूही शकत नाही, लिहिणार कुठून?"

रत्नाताईंनी झाकणाचा फोटो पुन्हा पुढे ओढला.

"उरला कोण? ज्याला देवनागरी आकडे येतात, लॅब माहीत आहे, पण पेशी माहीत नाहीत. ज्याला वाटतं, औषध म्हणजे स्विच. ज्याच्या धंद्यात पुसलं की पुसलं गेलं. ज्याची समजूत होती की सुमेधा सोमवारपर्यंत येणार नाही. आणि ज्याला दुपारी दोनशे साक्षीदार मिळणार हे आधीच ठाऊक होतं."

"रत्नाताई, तुम्ही काय बोलताय..." राजेशराव उठले.

"लेझीम साडेपाचला होती, राजेशराव. बारा वाजता तुम्ही माइक डाव्या हातात धरला होतात. मनगट सकाळीच गेलं होतं. पाच घाव घातल्यावर जातं. आणि सकाळी नऊला तुम्ही बॅनर लावायला गेला नव्हता. तो ह्या संजयनं लावला. म्हणून तर तिरका होता."

सुवर्णाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. राजेशरावांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"तो हसत होता," राजेशराव हळू म्हणाले. "मी विचारायला गेलो, गुरुवारचं नक्की ना? तर म्हणतो, गुरुवार रद्द, औषध थांबवतोय, मोठी चूक वेळेत सापडली. वेळेत! हिला तीन महिने दिलेत डॉक्टरांनी आणि हा हसतोय! काहीतरी समजावत होता, प्लेट नाचवत होता तोंडासमोर. मी म्हटलं, थांबवू नकोस. पाया पडलो त्याच्या. तो म्हणाला, राज्या, सोमवारी सगळ्यांना सांगतो..."

राजेशरावांनी कोपऱ्यातला बांबू उपसला. गुढीचा तांब्या उडून काचेच्या कपाटात घुसला. पहिला फटका रत्नाताईंच्या डोक्यासाठी होता. मध्ये संजय आला, म्हणजे खरं तर तो पळायला उठला होता, आणि बांबू त्याच्या कानावर बसला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. गरम रक्त मानेवरून शर्टात उतरलं. दुसऱ्या फटक्याआधी मिहीरनं राजेशरावांच्या पोटात डोकं घातलं, दोघं चहाच्या टेबलासकट कोसळले. मिहीरचे सोललेले हात त्यांच्या गळ्याभोवती आवळले गेले, आणि राजेशरावांचा चेहरा जांभळा झाला. डोनाह्यूनं त्याला मागे खेचला तेव्हा तो अजून हवेतच आवळत होता.

बेड्या पडल्या. मनगटावरची पट्टी सुटली. आत निळं-काळं झालं होतं.

"सुवर्णा, तुझ्यासाठी," राजेशराव धापा टाकत म्हणाले. "फक्त तुझ्यासाठी."

सुवर्णाताईंनी काचांमधून दुसरा फोटो उचलला.

"ह्यात दोन रांगा आहेत," त्या म्हणाल्या. "वरची कॅन्सरची. खालची कसली?"

रत्नाताईंनी आधी चष्मा काढला. संजयनं त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"निरोगी मज्जातंतूंची. त्या पेशीही गेल्या. भावजींना शनिवारी तेच सापडलं होतं, रविवारी ते पुन्हा ताडून बघत होते. औषध माणसं ओळखत नव्हतं. गुरुवारी ते घेतलं असतंत, तर आधी हातपाय गेले असते. मग श्वास. तीन महिनेही मिळाले नसते."

राजेशरावांनी फोटोकडे बघितलं. ही प्लेट त्यांनी स्वतःच्या हातात धरली होती. झाकण पुसलं होतं, नवा आकडा लिहिला होता, आणि नीट परत ठेवली होती. आत काय होऊ घातलंय ते विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांच्या गळ्यातून जो आवाज आला तो संजयनं पूर्वी एकदाच ऐकला होता, लहानपणी, गाडीखाली आलेल्या कुत्र्याचा.

"अहो," सुवर्णाताई म्हणाल्या, "मला एकदा विचारायचंत. मी तर मागेच आवरायला घेतलं होतं."

डोनाह्यूनं फोनवर कुणाला तरी दोन वाक्यं सांगितली. त्यात 'हळबे' हे नाव त्यानं 'हॅल्बी' असं उच्चारलं आणि 'रिलीज' हा शब्द अगदी स्पष्ट. मग तो राजेशरावांना घेऊन गेला. जाताना त्यानं बूट पुसले, सवयीनं.

रत्नाताई संजयच्या कानाला रुमाल दाबून धरत होत्या. "मध्ये आलास ते बरं केलंस."

"मी पळत होतो, ताई."

"माहीत आहे."

सुवर्णाताई भिंतीला धरत कॅलेंडरपाशी गेल्या. दोरीला बांधलेलं पेन त्यांनी हातात घेतलं. लाल गोलातल्या गुरुवारवर एकच आडवी रेघ मारली, खालची तारीख वाचता येईल अशी. आणि शेजारी, बारीक अक्षरात, सही केली.